कोरी ओळ

आमच्या गावात छपरं पाटीच्या दगडाची,
कुंपणं पाटीच्या दगडाची आणि थडगीही.
वेल्सच्या उत्तरेला दोनच गोष्टी मुबलक,
हा दगड आणि धुकं.
माझा बाप, इडवल प्रिदर्ख, त्यावर नावं कोरायचा.
अक्षरामागे दर ठरलेला,
स्वल्पविराम फुकट.
त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, गाव म्हणायचं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी एमलिन आला,
टोपी हातात, बूट पायपुसण्यावर चारदा घासून.
खिशातून वहीचा कागद काढला.
वर नाव : टेगिड ह्यूज.
खाली दोन तारखा.
त्याखाली : एमलिनचा नवरा.

बापानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
म्हणाला, बाकी सगळं करून देतो.
ही खालची ओळ,
माझ्या हातून व्हायची नाही.
आवाज चढवला नाही. मला चहा टाकायला सांगितलं.
बांगोरच्या एका कारागिराचा पत्ताही लिहून दिला,
माझ्याहून स्वस्त आहे, म्हणाला.

एमलिननं कागदाला हात लावला नाही.
इडवल, तो म्हणाला,
तुझ्या मागच्या अंगणातला ढीग टेगिडनं फोडलेला आहे.
तीस वर्षं शिरा बघून बघून दगड धाडला त्यानं,
एक भेगाळ तुकडा घातला नाही.
त्यानं कधी विचारलं,
कुणाच्या नावासाठी नेतोस?

चहा निवला.

आता हे सांगायला हवं, नाहीतर बापावर अन्याय होईल.
मी सात वर्षांची असताना खाणीचा मालक वारला,
संप मोडायला ज्यानं बाहेरची माणसं आणली तोच.
त्याच्या मुलानं दुप्पट दर देऊ केला.
मजकूर : कामगारांचा कैवारी.
बाप म्हणाला, माझ्या हातून व्हायचं नाही.
तेव्हा गावानं त्याला पबमध्ये नेलं,
आणि तो चॅपलचा माणूस, दारूला शिवत नसे, म्हणून
त्याच्या वाटची इतरांनी प्यायली.
मी शाळेत आठवडाभर मिरवले.

मालकाच्या मुलाला दहा कारागीर मिळाले असते.
एमलिनला बांगोर,
आणि बस दिवसातून दोनदा.
हा फरक मी कितीदा मोजून पाहिला.
सकाळी पुरेसा वाटतो,
रात्री कमी भरतो.

दगड बसवला तो मार्चमध्ये.
इतकी देखणी अक्षरं बापानं उभ्या जन्मात कोरली नव्हती.
पैसे घेतले नाहीत.
खाली एका ओळीची जागा घासून गुळगुळीत केली
आणि सोडून दिली.
कोरणाऱ्याच्या हातची कोरी ओळ.

आणि मी?
एकवीस वर्षांची होते. छिन्नी माझ्याही हातात होती,
आमच्या भाषेत नवरा तीन अक्षरांत मावतो,
अर्ध्या तासाचं काम.
मी कपबशा विसळल्या.

बाप आता त्याच टेकडीवर, टेगिडपासून चार थडगी सोडून.
त्याचा दगड मी कोरला.
दुसऱ्या दिवशी एमलिनच्या दारात गेले,
म्हटलं, आता करून देते.
तो दाराला रेलून उभा, ब्याऐंशी वर्षांचा.
राहू दे, म्हणाला,
ती ओळ मला तशीच पाठ झालीय.

गेल्या शुक्रवारी दुकानात एक गृहस्थ आले.
स्वच्छ नखं, रोख पैसे, मृदू बोलणं.
वेशीवर लावायला पाटी हवी होती :
परक्यांनी इथे घर करू नये.
मी म्हणाले,
माझ्या हातून व्हायचं नाही.
सूर बापाचाच निघाला, तेवढाच खालचा.
मागोमाग चहाही विचारून गेले.

दुसरं कुणी करून देईल का, त्यांनी विचारलं.
खणात बापाच्या अक्षरातला बांगोरचा पत्ता होता.
मी खण उघडला नाही.
त्यांनी चहा मात्र शेवटच्या घोटापर्यंत प्यायला,
आणि जाताना, सवयीनं असेल,
माझे आभार मानले.